गाण्यांची वही

'अंगणवाडी' हा शब्द सरकारी नाही. पिवळ्या-निळ्या पाट्यांवर, लसीकरणाच्या कार्डावर, निवडणुकीच्या मतदान केंद्रांच्या यादीत तो सतत दिसतो, म्हणून तसा वाटतो इतकंच. योजना आली १९७५ साली. शब्द त्याच्या बराच आधी, आपल्याच पालघर जिल्ह्यात, एका खऱ्याखुऱ्या अंगणात तयार झाला होता. विरारहून डहाणू लोकल पकडली की दीडेक तासात डहाणू रोड येतं. त्याच्या पुढचं स्टेशन घोलवड, आणि घोलवडला लागून बोर्डी. ही गोष्ट तिथली आहे.

या गोष्टीकडे मी वळले ती एका वहीमुळे. माझी आई नालासोपारा पूर्वेला अंगणवाडी सेविका होती. तिच्याकडे खाकी कव्हर घातलेली दोनशेपानी वही होती, बालगीतांनी भरलेली. भाज्यांचं गाणं, हात धुण्याचं गाणं, आगगाडीचं, पावसाचं, अवयवांचं. समासात खुणा: इथे टाळी, इथे उडी, इथे खाली बसायचं. एकाही गाण्याखाली कवीचं नाव नव्हतं. "हे कोणाचं गं?" असं विचारलं की एकच उत्तर यायचं, "ट्रेनिंगला शिकवलं." आणि ट्रेनिंगला शिकवणाऱ्या बाईंना कोणी शिकवलं? "त्यांच्या ट्रेनिंगला." पुढे मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं. तिथे भूमिकानाट्य, चित्रं, बाहुल्या वगैरे गोष्टी नवी परदेशी पद्धत म्हणून शिकवल्या गेल्या आणि सगळ्या वर्गाने भक्तिभावाने त्यांच्या नोट्स काढल्या. मला सारखी ती वही आठवत होती.

समाजकार्याच्या शिक्षणाचा इतिहास आमच्या पुस्तकात १९३६ पासून सुरू व्हायचा. त्या वर्षी क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. पदवीधरांना घ्यायचं, शास्त्रशुद्ध शिकवायचं, मग वस्तीत, इस्पितळात, कारखान्यात पाठवायचं. त्याच १९३६ साली, तिथून फार लांब नाही, दादरला ताराबाई मोडकांचं शिशुविहार सुरू झालं. दोन्ही संस्था एकाच शहरात, एकाच वर्षी. पण आमच्या पुस्तकात दुसरीचं नाव नव्हतं. बालशिक्षणाच्या कप्प्यात टाकली की ती समाजकार्याच्या इतिहासातून बाद होते. मला ही कप्पेबंदी पटत नाही, आणि का पटत नाही ते पुढे येईलच.

ताराबाई १८९२ साली जन्मल्या. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजातले. बी. ए. झालेल्या, राजकोटला बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या पहिल्या भारतीय प्राचार्य. ती मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. गिजुभाईंनी १९२० साली तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर काढलं होतं. पाया माँटेसरीचा. पण माँटेसरीबाईंना लहान मुलांसाठी परीकथा, कल्पनेच्या गोष्टी फारशा मानवत नसत. मुलाने आधी खऱ्या जगाशी ओळख करून घ्यावी असं त्यांचं म्हणणं. गिजुभाई मुळातच गोष्टीवेल्हाळ. त्यांनी बालमंदिरात गोष्टी आणल्या, नाटुकली आणली, लोकगीतं आणली. शाळेच्या आधी घरात, ओट्यावर जे चालायचं तेच आत घेतलं. म्हणजे भारतात बालशिक्षण आलं तेव्हाच त्यात गाणं-गोष्टीवरून मतभेद होता, आणि आपल्याकडच्या माणसांनी बाजू निवडली होती. १९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

तरीही एक अडचण उरलीच. माँटेसरीची साधनं महाग. सुबक लाकडी ठोकळे, मापात कापलेल्या दट्ट्या, रंगांच्या पाट्या. दादरच्या मध्यमवर्गाला ते परवडत होतं. ताराबाईंना प्रश्न पडला खेड्याचा.

आता १९४५ सालाकडे येऊ. हे साल नीट पाहायला हवं. २३ मे १९४५ रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या कार्यकर्त्यांपुढे हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठबिगार करणार नाही असं ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यात जेठ्या गांगड होता. आणि २४ डिसेंबर १९४५ रोजी त्याच टापूत, बोर्डीला, ताराबाईंचं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अडीच महिन्यांचं अंतर. एकीकडे आईबाप जमीनदाराला 'नाही' म्हणायला शिकत होते, दुसरीकडे काही शहरी बायका त्यांच्या पोरांना आंघोळ घालून गाणी शिकवायला येत होत्या. दोन कामांचं राजकारण पूर्ण वेगळं होतं. बालवाडीचं काम त्यामानाने सौम्य, गांधीवादी वळणाचं, सरकारशी फारसं न भांडणारं. तो त्याचा दोष म्हणायचा तर म्हणा. पण ज्या समाजाने पांढऱ्या कपड्यातला माणूस म्हणजे सावकार, जंगल खात्याचा शिपाई किंवा पोलीस एवढंच पाहिलेलं, त्याच्या पाड्यात पांढरं पातळ नेसून शिरायचं कसं, हा प्रश्न या बायकांपुढे रोज सकाळी उभा होता. मुलं त्यांना बघून पळायची.

ताराबाईंबरोबर तेव्हा अनुताई वाघ होत्या. मोरगावच्या, १९१० सालच्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलं, पुढे शिकून पुण्यात हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टने ग्रामसेविकांसाठी शिबिर घेतलं, तेही आपल्याच लाइनवर, बोरिवलीला. तिथे ताराबाई भेटल्या आणि अनुताई बोर्डीला गेल्या. थोडे दिवस म्हणून गेलेली बाई १९९२ साली वारली तोवर त्याच तालुक्यात होती.

बोर्डीला पहिली बालवाडी थाटली तेव्हा मुलं आली, पण कुणाची? ज्यांच्या घरी सकाळी पोराला तयार करून पाठवायला वेळ होता त्यांची. हरिजनवस्तीतली मुलं आली नाहीत. आईबाप पहाटे कामावर, मूल धाकट्याला कडेवर घेऊन घर राखतंय. मग उलटं करायचं ठरलं. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत, सोयीच्या वेळेला, झाडलेल्या अंगणात. ती अंगणवाडी.

हा बदल नुसता जागेचा नव्हता. वर्गाच्या खोलीत बाई मालकीण असते, अंगणात ती पाहुणी असते. अंगणाला दार नसतं, कंटाळा आला की मूल उठून जातं. आजी ओट्यावरून बघत असते, कोंबड्या फिरत असतात, शेजारीण पाण्याला जाता जाता थांबते. अशा ठिकाणी गाणं हा कार्यक्रमाचा भाग राहत नाही, तेच एक दार होतं. ठोकळे, पाट्या पिशवीतून न्याव्या लागतात, हरवतात, भिजतात. गाणं न्यायला काही लागत नाही. शिवाय ते मुलाबरोबर घरी जातं. हात धुण्याचं गाणं मूल संध्याकाळी चुलीपाशी म्हणतं आणि आईला ते न सांगता कळतं. आरोग्य शिक्षण म्हणून आज आपण ज्याचे पोस्टर छापतो ते काम तेव्हा असं व्हायचं.

साधनांचंही तसंच. महागड्या संचाऐवजी चिंचोके, गुंजा, शिंपले, पानं, खडे, बांबूचे तुकडे, माती. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं, लहान-मोठं कळायला शिंपले. आज शहरातल्या प्लेस्कूलमध्ये याला निसर्गाधारित शिक्षण म्हणतात आणि वेगळी फी घेतात. बोर्डीत ते पैसे नव्हते म्हणून झालं. पण नुसतं पैसे नव्हते म्हणून नाही. वारली मुलाला चिंचोका ओळखीचा असतो. हातात ओळखीची वस्तू आली की ते मूल वर्गातलं सगळ्यांत 'ढ' राहत नाही.

१९५७ साली केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारली वस्तीच्या मध्ये. तिथे कळलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण गुरं राखायची असतात, आणि मुली येत नाहीत, कारण कडेवर भावंड असतं. पहिल्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतील तिथे शिक्षक जायचा. दुसऱ्यासाठी विकासवाडी, म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात. धाकटं पाळणाघरात ठेवलं की थोरली वर्गात बसायला मोकळी. ही कल्पना इतकी साधी आहे की ती कुणाला सुचायला १९५७ साल का उजाडावं लागलं याचंच आश्चर्य वाटतं. आजही विरारच्या पूर्वेला बांधकामावर दहा वर्षांची मुलगी भाऊ सांभाळताना दिसते, तेव्हा आपण अजून १९५७ पर्यंतही पोचलेलो नाही हे लक्षात येतं.

कोसबाडचं मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे बालसेविकांचं प्रशिक्षण. शिकवायला येणाऱ्या बायका फार शिकलेल्या नसत. काही विधवा, काही टाकलेल्या, काही जेमतेम सातवी. त्यांना बालमानसशास्त्राचं व्याख्यान देऊन काय होणार? त्यांच्याकडे आधीपासून जे होतं तिथून सुरुवात झाली. ओव्या, पाळणे, भोंडल्याची गाणी, शेणाने सारवणं, रांगोळी, चिंध्यांच्या बाहुल्या. खेड्यातल्या बाईला यातलं काहीच शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते हे, की या गोष्टींचं मुलाच्या वाढीशी नातं काय. टाळीचं गाणं म्हणताना मूल दोन्ही हात एकत्र आणतं, ते आणत नसेल तर बघ. मातीकाम करताना कोणाच्या बोटात जोर नाही ते बघ. गोष्ट ऐकताना कोण वळून बघत नाही, त्याला ऐकू येतं का ते तपास. वहीतल्या माझ्या आईच्या खुणांचा अर्थ मला हे वाचल्यावर लागला. 'इथे उडी' हे मुलांसाठी नव्हतंच, ते तिच्यासाठी होतं. उडी न मारणारं मूल शोधायचं होतं. अशक्त, आजारी, उशिरा चालणारं. गाणं ही तिची तपासणी होती, आणि मुलांना ती खेळ वाटत होती. समाजकार्याच्या कप्प्यातून ही परंपरा का वगळली हा माझा प्रश्न आहे तो यासाठी.

इथे जरा आडवळण घेते. याच डहाणू तालुक्यात वारली लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो. तो लिहायचा मान सवाष्णींचा. तांदळाच्या पिठाने, कुडाच्या भिंतीवर, आणि लग्न उरकलं की तो हळूहळू झडून जायचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन आले, गंजाडचे जिव्या सोमा म्हसे चित्रं काढू लागले, आणि ही कला जगभर गेली. म्हसे मोठे कलावंत होते याबद्दल वादच नाही. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती योग्यच. पण भिंतीवर होती तोवर ती बायकांची होती आणि निनावी होती. कागदावर येऊन तिला किंमत आली तेव्हा नावं बहुतेक पुरुषांची झाली. बालगीतांचं असं झालं नाही, कारण त्यांना किंमत आलीच नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ तालुक्यांत आणि वस्त्यांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. ताराबाई दोन वर्षांपूर्वी, १९७३ साली गेल्या होत्या. योजनेत सहा सेवा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य आणि आहाराचं शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. यादीतली पहिली सेवा मोजता येते, किलोत आणि मुलांच्या संख्येत. शेवटची मोजता येत नाही. कुठल्याही सरकारी योजनेत मोजता न येणाऱ्या गोष्टीचं जे होतं ते गाण्यांचं झालं. अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

नावाबरोबर 'सेविका' हा शब्दही गेला, आणि माझ्या मते खरा घोळ त्याने केला. बोर्डीत तो गांधींच्या काळातला शब्द होता, सेवा करणाऱ्याने स्वतःसाठी स्वीकारलेला. सरकारने तो उचलला आणि त्याचा अर्थ झाला: हिला पगार द्यावा लागत नाही. १९७५ साली मिळायचे महिना १०० रुपये, मॅट्रिक असाल तर १५०. त्याला म्हणायचं मानधन. २०१८ साली केंद्राने ते वाढवून साडेचार हजार केलं, राज्याची भर वेगळी. मूल वळण घेत नाही म्हणून गाणं म्हणणारी बाई ही प्रेमाने करते, प्रेमाचे कसले पैसे? कला आणि माया यांचा हा उपयोग फार जुना आहे. ज्या कामात जीव ओतावा लागतो, त्या कामाला कमी पैसे द्यायला तेवढंच कारण पुरतं. ताराबाई-अनुताईंनी हे मुद्दाम केलं नाही. पण त्यांच्या त्यागाचा हिशेब पुढे लाखो बायकांच्या नावावर मांडला गेला. त्यांनी त्यागाची निवड केली होती, माझ्या आईला कोणी विचारलंच नव्हतं.

आमच्या वसईत या परंपरेची दुसरी शाखा आहे. तालुक्यातल्या उसगावच्या विधायक संसदेने १९९०च्या दशकात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या कामगाराची तात्पुरती झोपडी, विटांचीच रचलेली. दिवाळीनंतर आदिवासी कुटुंबं भट्टीवर जायची, पावसाळ्याआधी परत यायची, आणि त्या सहा-सात महिन्यांत मुलांची शाळा बुडायची. मग शाळाच भोंग्यात. बोर्डीचं अंगण, कोसबाडचं कुरण आणि वसईचा भोंगा ही एकाच विचाराची तीन ठिकाणं आहेत. तिकडे दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ साली गांधी शताब्दीच्या बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडलं होतं. त्या कामातून मोबाइल क्रेशेस उभी राहिली आणि १९७२ पासून मुंबईतल्या बांधकामांवरही अशी पाळणाघरं आली.

वसई-विरारच्या अंगणवाड्यांचं वेगळेपण म्हणजे भाषा. आईच्या खोलीत वीस मुलं असली तर घरी भोजपुरी बोलणारी सात-आठ, काही गुजराती, काही कोकणातली, दोन-तीन वारली. पश्चिमेला गेलात तर कादोडी आणि वाडवळी. प्रमाण मराठीत सूचना दिली तर अर्ध्या मुलांना कळत नाही. गाणं कळतं. म्हणजे कळत नाही, पण येतं. हात वर जातात, मग शब्द मागाहून येतात. आझमगडचं मूल मराठीत पहिल्यांदा जे बोललं ते भाजीचं नाव होतं आणि ते सुरात होतं, असं आई सांगायची. बोर्डीत पुस्तकी मराठी आणि वारली बोली यांच्यामधली दरी ज्या पुलावरून ओलांडली गेली, तोच पूल नालासोपाऱ्यात वेगळ्या भाषांसाठी चालला.

आता मोबाइल आलाय. २०२१ साली पोषण ट्रॅकर हे ॲप आलं. ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले, कारण ॲप इंग्रजीत आणि फोन सतत बंद पडणारे. बातम्यांत ते 'तंत्रज्ञानाला विरोध' असं आलं. विरोध तंत्रज्ञानाला नव्हता. मुलं समोर बसलेली असताना खाली मान घालून माहिती भरत बसावं लागतं, याला होता. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात धान्याची रांगोळी काढायची, पाककृती मांडायच्या, फोटो काढून वर पाठवायचा. कला आहेच अजून, पण ती फोटोसाठी. रांगोळी काढताना कोणतं मूल दाणे चिमटीत धरू शकत नाही हे बघायला वेळ कोणाकडे आहे? गाणी यूट्यूबवर मिळतात, नवीन सेविका ती लावतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. फक्त यूट्यूबचं गाणं मागे राहिलेल्या मुलासाठी थांबत नाही. आई एक कडवं चार वेळा म्हणायची, का ते मला तेव्हा कळायचं नाही.

४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी बेमुदत संप केला. ग्रॅच्युइटी, पेन्शन, वेतन या मागण्या. ग्रॅच्युइटीच्या मागणीला आधार होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या २५ एप्रिल २०२२ च्या निकालाचा, गुजरातच्या मणिबेन भारिया आणि इतरांच्या खटल्यातला. तो मुद्दाम वाचण्यासारखा आहे. सरकारचं म्हणणं होतं की अंगणवाडी ही आस्थापनाच नाही आणि मानधन हे वेतन नाही, मग ग्रॅच्युइटी कायदा लागू होईलच कसा? न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांनी ते अमान्य केलं. ओक यांच्या निकालपत्रात इतर कारणांबरोबर एक कारण असं आहे: अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांची पूर्वप्राथमिक शाळा चालते, हे निखळ शैक्षणिक काम आहे आणि ते शिकवण्याचं काम सेविका आणि मदतनीस करतात. शैक्षणिक संस्थांना ग्रॅच्युइटी कायदा १९९७ पासून लागू होताच.

म्हणजे आहाराची किलो-ग्रॅमची खाती नव्हे, तर यादीतली ती शेवटची, मोजता न येणारी सेवा न्यायालयात उभी राहिली. टाळीची गाणी, चिंचोके, मातीकाम, गोष्टी. मानधन हा शब्द मात्र शासन निर्णयांत अजून तसाच आहे.